बर्फाशिवाय आइस हॉकी : खो-खो, आट्यापाट्या खेळवून लहान पोरांना शिकवता येईल का?

चाकावरचा_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग वाचा.

मी जुळे सोलापुरात सकाळी लहान पोरांची स्केटिंगची बॅच घेतो. पोरं ५ ते ८ वर्षांची, बऱ्याच जणांकडं इनलाइन (एका ओळीत चाकं असलेले) स्केट्स, दोघातिघांकडं थोरल्या भावाबहिणीचे जुने चारचाकी. एका शाळेचा बास्केटबॉल कोर्ट मिळतो, सिमेंटचा, शाळा भरायच्या आत आवरायचं.

तर झालंय असं की २०२५ ला आपल्या मुलींच्या टीमनं आइस हॉकीच्या आशिया कपात ब्राँझ आणलं, त्याचे व्हिडिओ पोरांनी कुणाच्या तरी मोबाईलवर बघितले, बर्फावर पोरी सुसाट सुटल्यात, वळायलेत, एकदम थांबायलेत, आणि तेव्हापासून आमच्यातल्या निम्म्यांना आइस हॉकीच पाहिजे. आता सोलापुरात बर्फ असतोय रसवंतीच्या पेटीत तेवढाच. पण इनलाइन हॉकी तर करता येईल की, चाकावर पाया पक्का झाला तर पुढंमागं खऱ्या बर्फावर पण नेता येईल असं डोक्यात आहे.

अडचण अशी की काठी हातात दिली की सगळं बिघडतं. कोन मांडून नागमोडी काढायला लावलं तर लगेच कंटाळतात, एकजण पाणी प्यायला गेला की सगळ्यांना तहान लागते. आणि मॅच लावली तर सगळीच्या सगळी पोरं एका बॉलवर तुटून पडतात, मान खाली, काठ्या एकमेकांच्या नडगीवर, रडारड. आणि हीच पोरं स्केट्स घालायच्या आधी कोर्टावर शिवाशिवी खेळत असतात तेव्हा कुणी कुणाला धडकत नाही, सगळी आजूबाजूला बघून पळतात, हुलकावणी देतात, काय झकास खेळतात. मग काठी दिल्यावर ते सगळं जातं कुठं?

बाहेरच्या देशात लहानांना दुसऱ्या खेळातले खेळ बर्फावर खेळवून आइस हॉकी शिकवतात असं ऐकलंय. आपले कुठले खेळ चालतील, कुठले नकोत? काठी कधी द्यायची? आणि एका पालकांनी विचारलंय की खो-खोच खेळवायचा होता तर एवढे महागाचे स्केट्स कशाला घ्यायला लावले, त्यांना काय सांगू ते पण सांगा.

शेंगाचटणी

मे महिन्यात ४३ डिग्रीत आइस हॉकी! काय बे, पक (आइस हॉकीतली रबराची चकती) काय फ्रीजमध्ये ठेवता का? हाहा. जोक सोडा, पोरं मोबाईल सोडून सकाळी उठून येतात हेच लई झालं. चालू ठेवा.

मैदानवाले_सर

भाऊ, मी नोकरीभर शाळेत पीटी शिकवली, आता रिटायर आहे. आइस हॉकीतलं मला काडीचं कळत नाही पण पोरं कळतात आणि खो-खो कळतो. आपल्याकडं आणि शेजारी धाराशिवला खो-खो रक्तातच आहे, सारिका काळे तिकडचीच, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालाय तिला. तेव्हा मी खो-खोच्या बाजूनं बोलणार हे धरूनच चाला.

बघणाऱ्याला वाटतं खो-खोत नुसतं पळायचं असतं. तसं नसतंय. चेसर (पाठलाग करणारा) एकदा एका खांबाकडं निघाला की मधेच उलटा फिरू शकत नाही, मधली पट्टी ओलांडू शकत नाही. म्हणून हुशार चेसर पळणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून पळतच नाही, तो त्याला रेषेकडं, कोपऱ्याकडं दाबत नेतो, म्हणजे समोरच्याची जागा संपवतो, आणि नाहीच जमलं तर ज्याचं तोंड पलीकडं आहे त्याला खो देऊन मोकळा होतो. तुमची पोरं बॉलमागं झुंडीनं पळतात म्हणता ना, त्यावर हेच औषध आहे. "तो कुठं आहे" हे बघायचं सोडून "तो कुठं जाणार" हे बघायची सवय लागते. शिवाय खांबाला वळसा घालताना अंग आत झुकवावं लागतं, गुडघा वाकवावा लागतो, तुमच्या चाकावर पण वळताना तेच लागत असणार.

पण मला विचाराल तर हॉकीला सगळ्यात जवळचा आट्यापाट्या. आता कोण खेळतंय म्हणा, आमच्या लहानपणी गल्लीत पाणी मारून पाट्या आखायचो. पाटीवरच्या गड्यानं रेषा सोडायची नाही, रेषेवरच इकडून तिकडं सरकत समोरच्याला अडवायचं, आणि समोरच्यानं खांदा एकीकडं टाकून पाय दुसरीकडं काढायचा. खडूनं तीनच पाट्या मारा. मधून जाणारी उभी पाटी, सूरपाटी, लहानांना देऊ नका, गोंधळतात.

लंगडी मात्र बूट काढून घ्या. एका पायावर तोल धरता येत नसेल तर ते पोर एका चाकावर सरकणार कसं. आणि दोन्ही पायांनी घ्या, आपल्याकडं पोरं आवडीचा एकच पाय धरून बसतात.

पालकांना म्हणावं महिन्याभरानं कोर्टाच्या कडेला उभं राहून बघा, मग बोलू.

थंडीतला_सोलापूरकर

मूळचा सात रस्त्याचा, सध्या मुक्काम एडमंटन, कॅनडा. पोरगं इथं यू-७ (सात वर्षांखालच्या गटा) मध्ये खेळतंय आणि मी बर्फावर मदतनीस कोच म्हणून असतो, म्हणजे निम्मा वेळ लेस आवळणं आणि पडलेल्यांना उभं करणं. तरी जे बघतोय ते सांगतो, जरा लांबेल.

आधी शेंगाचटणी, तुमचा जोक खराच आहे. एनएचएलच्या (इथली मोठी व्यावसायिक आइस हॉकी लीग) मॅचला पक खरंच गोठवून ठेवतात, थंड रबर कमी उसळतं म्हणून.

आता मुद्दा. इथं लहानांना बर्फावर आणलं की बऱ्याचदा आधी काठ्या भिंतीला लावून ठेवायच्या आणि साधा फुटबॉल टाकायचा. आपलं फुटबॉल, स्केट्स घालून. पोरं बॉल मारायच्या नादात एक पाय उचलतात, एका पायावर तोल धरतात, वळतात, पडतात, उठतात, आणि आपण स्केटिंग शिकतोय हे त्यांच्या गावीही नसतं. नंतर शिवाशिवी, विषामृत (इथं गोठलेल्या गड्याला सोडवायला त्याच्या पायांमधून पक सरकवायचा असा नियम लावतात, म्हणजे आपोआप पास मारायची प्रॅक्टिस), आणि एक खेळ असा की मधे दोघं उभे, बाकीच्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न सापडता जायचं. म्हणजे आपलं डोंगर का पाणीच की ओ थोड्या फरकानं.

चाकावरचे दादा, शिवाशिवीत पोरं धडकत नाहीत आणि काठी दिली की धडकतात, तुमचं उत्तर यातच आहे. शिवाशिवीत जमिनीवर बघण्यासारखं काही नसतं, सगळं बघायचं ते समोर असतं. बॉल आला की नजर बॉलला चिकटली, मान खाली, संपलं. म्हणून बॉल शेवटी द्यायचा. आधी नुसती शिवाशिवी, मग काठी हातात धरून शिवाशिवी पण बॉल नाही, मग प्रत्येकाला आपापला बॉल, मग चारपाच पोरांत दोन बॉल, आणि एकच बॉल सगळ्यांत अगदी शेवटी. आमच्याकडं पहिले कितीतरी आठवडे मॅचसारखी मॅच लावतच नाहीत.

आणि जागा. मोठ्यांची रिंक (बर्फाचं मैदान) २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. हॉकी कॅनडानं २०१७ साली नियम केला की ५-६ वर्षांच्यांनी अर्ध्या किंवा आडव्या (रुंदीच्या दिशेनं वापरलेल्या) रिंकवरच खेळायचं, पूर्ण नाही. तेव्हा इथल्या बऱ्याच पालकांनी बोंब मारली होती, आमच्या पोराला पूर्ण बर्फ का नाही, तो पुढं कसा जाणार. पण पूर्ण रिंकवर काय होतं, जो एकजण जोरात पळतो तो पक नेतो आणि बाकीचे मागं मागं फिरतात. लहान जागेत सगळ्यांच्या काठीला पक लागतो, सगळ्यांना वळावं लागतं. पक पण वेगळा, निळा, ४ औंसाचा म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. मोठ्यांचा काळा ६ औंसापर्यंत, १७० ग्रॅम. जड पक लहान मनगटाला ढकलायला लागला की पोर सगळं अंग वाकडं करून मारायला शिकतं आणि मग ती खोड जात नाही. तुमचा बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटर असणार, आडव्या रिंकच्या जवळपास. तेव्हा जागा कमी आहे म्हणून रडू नका, उलट त्याचे पण दोन भाग करा.

सर, खो-खोबद्दल तुम्ही जागा संपवायचं जे सांगितलं ते शंभर टक्के, इथं त्याच्यासाठी वेगळं शिकवतात, पकवाल्याला भिंतीकडं कसं रेटायचं ते. पण एक अडचण आहे. खो-खोत आठजण बसलेले असतात आणि पळतात थोडेच. सहा वर्षांचं पोर बसलं की बूट सोडतंय, शेजारच्याच्या हेल्मेटवर टकटक करतंय. तेव्हा बसणारे तीनच ठेवा, आणि बसवू नका, उभेच ठेवा. अजून एक, चाकावर असताना पाठीवर थाप मारून खो दिला तर पुढचा तोंडावर पडेल. तोंडानं खो म्हणायचं आणि बॉल त्याच्या काठीवर द्यायचा, बॉल पोचला तरच खो झाला. बघा, पासिंग झालं.

आट्यापाट्या तर मी इथं आमच्या हेड कोचला कागदावर काढून दाखवला, त्याला लईच आवडला.

दुसऱ्या खेळातला खेळ उचलताना खेळाचं नाव बघू नका, त्यात पोराला कुठला निर्णय घ्यावा लागतो ते बघा. कुठं वळू, कुणाला देऊ, कधी थांबू, मोकळी जागा कुठं. हे असेल तर खेळ कुठल्याही देशातला असू दे. हे नसेल तर तो नुसता वेळ घालवायचा धंदा, मग त्याला आइस हॉकी ड्रिल म्हणा नाहीतर काही म्हणा.

पार्क_मैदान_हॉकी

मी कॉलेजपर्यंत फील्ड हॉकी खेळलोय, त्यामुळं थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हे खेळ-खेळ सगळं ठीक आहे पण हातात कौशल्य पाहिजे की नको? आम्हाला आमच्या सरांनी वर्षभर नुसतं ड्रिबल करायला लावलं, भिंतीवर बॉल मारायला लावला, म्हणून हात बसला. शिवाशिवी खेळून कुणी हॉकीपटू झालाय का. माझं मत, आधी बूट काढून साधी हॉकी शिकवा, काठी कशी धरायची, बॉल कसा थांबवायचा, ते आलं की चाकावर न्या. अर्धं काम झालेलं असेल.

थंडीतला_सोलापूरकर

पार्क मैदान, राग कसला. भिंतीवर मारायचं म्हणता ते बरोबरच, घरी एकट्यानं करायला त्याच्यासारखं काही नाही. पण बॅचमध्ये सगळे जमलेत तेव्हा जे एकट्यानं करता येत नाही ते करायचं, असं मला वाटतं.

आणि फील्ड हॉकी आधी शिकवण्यात काही गोष्टी आड येतात. फील्ड हॉकीची काठी एकाच बाजूनं सपाट असते, त्याच बाजूनं खेळायचं, आणि डावखुऱ्यांची काठी नसतेच, सगळे उजवे. आइस हॉकीत काठीच्या ब्लेडच्या (खालच्या चपट्या भागाच्या) दोन्ही बाजू चालतात आणि डावी उजवी दोन्ही काठ्या मिळतात. गंमत म्हणजे इथं उजव्या हातानं लिहिणारी कितीतरी पोरं काठी डावीकडून धरतात, कारण जोराचा हात वरच्या टोकाला ठेवला की एका हातानं पण काठी सांभाळता येते. म्हणून पोराच्या हातात सरळ काठी द्या, काही न सांगता, दोनचार दिवस बघा तो कशी धरतोय, मग तीच बाजू. फील्ड हॉकीतून आणलं की सगळे उजवेच होणार.

पायाचं पण तसंच. फील्ड हॉकीत पायाला बॉल लागला की फाऊल. इथं स्केटनं पक पुढं ढकलला, स्वतःच्या काठीवर घेतला तरी चालतंय, फक्त लाथ मारून गोल करायचा नाही. म्हणून तर फुटबॉलचा उपयोग होतो. तुमच्या पद्धतीनं शिकलेलं पोर पाय चोरायला शिकेल. उलट ऑफसाइड फील्ड हॉकीत राहिलेला नाही पण आइस हॉकीत निळ्या रेषेवर आहे. तो मात्र ७ वर्षांच्या पोराला आत्ता शिकवायच्या भानगडीत पडू नका.

पार्क_मैदान_हॉकी

पायाचं पटलं. डाव्या हाताचं ऐकून आमचे सर उठून बसले असते.

आई_विजापूर_रोड

माझी मुलगी ६ वर्षांची आहे, अशाच एका बॅचला जाते (तुमचीच असेल तर नमस्कार सर). माझा प्रश्न खेळाचा नाही, पडण्याचा आहे. टीव्हीवर आइस हॉकी बघितली तर एकमेकांना भिंतीवर आपटतात, मारामाऱ्या करतात. सिमेंटवर हे सगळं कसं होणार? आणि कबड्डी वगैरे चाकावर घेणार असाल तर मी आत्ताच नको म्हणून सांगते.

थंडीतला_सोलापूरकर

ताई, टीव्हीवर दिसतं ते मोठ्यांचं. अंगावर जाऊन आपटणं, ज्याला बॉडी चेकिंग म्हणतात, ते लहानांत नसतंच. कॅनडात २०१३ पासून ११-१२ वर्षांच्या गटातूनही काढलं, १३ च्या पुढं येतं, अमेरिकेत त्याच्या आधी दोन वर्षं असाच बदल झाला. आणि हेल्मेटला पूर्ण तोंड झाकणारी जाळी, ती इथं पोरांना सक्तीची आहे. तुमच्याकडं निदान हेल्मेट, हाताचे ग्लोव्ह्ज, कोपर आणि गुडघ्याचे पॅड असल्याशिवाय कोर्टावर उतरू देऊ नका. काठी आली की जाळीवालं हेल्मेट घ्याच, कारण काठीचं टोक सगळ्यात आधी दाताला लागतं.

कबड्डीबद्दल तुमच्याशी सहमत. आइस हॉकीत समोरच्याला धरलं की दोन मिनिटं बाहेर, होल्डिंगची पेनल्टी. पकड शिकवून आपण उलटी सवय लावणार. बास्केटबॉलमधली पण एक गोष्ट अशीच, आपला गडी मोकळा व्हावा म्हणून समोरच्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं ती. ज्याच्याकडं पक नाही त्याला अडवलं तर आइस हॉकीत इंटरफिअरन्स. बास्केटबॉलमधून उचलायचंच असेल तर पास देऊन लगेच मोकळ्या जागेत पळायचं आणि परत घ्यायचं तेवढं उचला, ते सोन्यासारखं आहे.

मैदानवाले_सर

ताई, पडायला पण शिकवावं लागतं. आधी गवतावर किंवा चटईवर, गुडघ्यावर खाली जायचं, हात आत घ्यायचे, मग उठायचं. त्याचाच खेळ करा, शिट्टी वाजली की सगळे खाली, दुसरी शिट्टी की उभे, शेवटचा उठणारा पुढच्या डावात राज्य घेणार. पोरांना पडायची हौसच असते, फक्त आपण सांगितल्यावर पडायचं असतं एवढंच.

थंडीतले भाऊ, तीन उभे ठेवून खो-खो मला पटला नाही पण चाकाचा विषय तुमचा, तेव्हा गप्प बसतो.

चाकावरचा_सोलापूरकर

अरे बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. (ताई, बहुतेक आमचीच बॅच. कबड्डी घेत नाही, निश्चिंत राहा.)

मी असं ठरवतोय. बूट घालायच्या आधी लंगडी, दोन्ही पायांनी. मग चाकावर काठी नसताना फुटबॉल, कोर्टाचे दोन भाग करून. मग खडूच्या तीन पाट्या, आधी काठीशिवाय, जमलं की पार होणाऱ्याच्या हातात काठी आणि बॉल, पाटीवाला मात्र काठीशिवायच, म्हणजे नडग्या वाचतील. शेवटी लगोरी, पण हातानं फेकायचं नाही, काठीनं बॉल मारून लगोरी पाडायची. लगोरी मला स्वतःला सुचली, कशी वाटते?

आणि दोन शंका. थांबायचं कसं शिकवू? व्हिडिओत त्या पोरी आडव्या होऊन बर्फ उडवत थांबतात, आमच्या पोरांनी चाकावर तसं करायचा प्रयत्न केला आणि तीन जण एकदम आडवे. आणि सिमेंटवर पक घसरतच नाही, कडेवर उभा राहून गाडीच्या चाकासारखा पळत सुटतो, त्याचं काय करू?

थंडीतला_सोलापूरकर

लगोरी एक नंबर. पडल्यावर ती परत रचायची आणि तेवढ्यात दुसऱ्या टीमनं बॉल आणून शिवायचं हा भाग सोडू नका, खरी मजा तिथं आहे. शॉट मारला की खेळ संपत नाही, लगेच पुढचं काम असतं. इथं मोठ्या पोरांना पण ओरडून ओरडून सांगावं लागतं की शॉट मारून बघत उभं राहू नका, गोलच्या जाळीसमोर जा.

थांबायचं मात्र चाकावर आणि बर्फावर वेगळं, तिथं सरळ सरळ सांगतो की खेळ बदलून काही होणार नाही. बर्फावरच्या स्केटच्या ब्लेडला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात आणि मधे खाच. ब्लेड आडवं केलं की ते बर्फ खरवडत थांबतं. चाक सिमेंटला धरून बसतं, खरवडत नाही, मग पाय थांबतात आणि वरचं अंग पुढं जातं. त्यामुळं त्यांना एक पाय मागं आडवा ओढत थांबायचं शिकवा, नाहीतर वेग कमी करून गोल वळून थांबायचं. स्टॅच्यू खेळवा, पण स्टॅच्यू म्हटल्यावर जागच्या जागी थिजायचं नाही, दोन हात अंतरात थांबायचं, नाहीतर गुडघे जातील. कधी बर्फावर न्याल तेव्हा पहिला दिवस फक्त थांबण्यासाठी ठेवा. चाकावर भारी असणारी पोरं बर्फावर पहिल्या दिवशी भिंतीवर जाऊनच थांबतात, वेग असतो पण ब्रेक नसतो.

पक सोडून द्या. जुना टेनिस बॉल घ्या, क्रिकेट खेळून खेळून ज्याचा टप्पा मेलाय तसला. नवा उसळतो. तसं चारचाकी स्केट्सवरची रोलर हॉकी बॉलनंच खेळतात, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला ती प्रदर्शनी खेळ म्हणून होती पण. इनलाइन हॉकीत पक असतो पण त्याला गुळगुळीत फरशी लागते, तुमच्या कोर्टावर नाही चालायचा. काठी स्केट्स घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत, त्याच्या वर असेल तर सरळ करवतीनं कापा. मोठ्या भावाची काठी कापून वापरायला काही हरकत नाही, फार कडक असेल तर मात्र लहानाच्या हातात वाकत नाही.

बखरवाला

इतका वेळ वाचत होतो, एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितोय. दुसऱ्या खेळातून आइस हॉकी शिकायची ही आयडिया पोरांपुरती नाहीये, एक अख्खा देश तसाच शिकलाय. रशियात आधी बँडी खेळायचे, फुटबॉलएवढ्या बर्फाच्या मैदानावर, ११ - ११ जण, पक नाही, बॉल. कॅनडावाली आइस हॉकी त्यांनी १९४६ च्या सुमाराला मनावर घेतली, पहिली लीग त्याच हिवाळ्यात. आणि १९५४ ला स्टॉकहोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पहिल्यांदाच उतरले आणि कॅनडाला ७-२ नं हरवून सोनं घेऊन गेले. आठ वर्षांत! त्या पोरांनी बँडीत आणि फुटबॉलमध्ये पास द्यायची, मोकळ्या जागेत पळायची सवय लावून घेतलेली होती, तीच त्यांनी छोट्या रिंकवर आणली. तिथले कोच अनातोली तारासोव्ह तर खेळाडूंकडून बर्फाबाहेर फुटबॉल, बास्केटबॉल, कोलांट्या, काय काय करून घ्यायचे. पुढं रशियन पासिंग म्हणजे काय हे कॅनडावाल्यांना पण शिकावं लागलं.

तेव्हा त्या पालकांना हे सांगा, खो-खोला नावं ठेवणार नाहीत.

शेंगाचटणी

पालकांना १९५४ सांगून काय होणार नाही ओ. त्यांना सांगा वेन ग्रेट्झ्की. नाव ऐकलेलं असतंय.

थंडीतला_सोलापूरकर

हाहा, ते पण खरं. ग्रेट्झ्की लहानपणी उन्हाळ्यात बेसबॉल आणि लॅक्रॉस (जाळीच्या काठीनं बॉल झेलायचा-फेकायचा खेळ) खेळायचा, स्केट्स पेटीत. अंगावर येणाऱ्याला कसं निसटून जायचं हे लॅक्रॉसमधनं आलं असं तो स्वतः सांगतो. वडिलांनी घरामागं बर्फ करून दिला होता ते सगळ्यांना माहीत असतं, उन्हाळ्याचं कुणी सांगत नाही.

आई_विजापूर_रोड

सर, एक शेवटचं. गोलकीपर कोण होणार? माझ्या मुलीला तिथंच उभं करतात, ती सगळ्यात हळू आहे म्हणून. तिला आवडत नाही.

चाकावरचा_सोलापूरकर

ताई, आमच्याकडं तरी अजून गोलकीपर नाहीच, दोन कोनांच्या मधनं बॉल गेला की गोल. पण ठेवावा का, ते मला पण विचारायचंच होतं.

थंडीतला_सोलापूरकर

नका ठेवू. आमच्याकडं यू-७ ला ठेवला तरी आळीपाळीनं, कायमचा कुणी नाही. जी पोरं हळू असतात त्यांनाच तर जास्त पळायला मिळालं पाहिजे. आणि ताई, गोलकीपर म्हणजे हळू असलेलं पोर हा गैरसमज आहे, इथं चांगला गोली बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात चपळ स्केटर असतो, आडवं सरकणं, खाली जाऊन उठणं सगळं त्यालाच जास्त. म्हणून म्हणतो मुलीला पाटीवर उभं करा, आट्यापाट्यात, रेषेवर आडवं सरकत अडवायचं. गोलीचं निम्मं काम तेच आहे आणि तिथं तिच्याकडं सगळे पार व्हायला येणार, एका कोपऱ्यात विसरून जाणार नाहीत. बॉल अडवायला आवडतोय असं ती स्वतः म्हणाली तरच मग क्रिकेटचे कॅच द्यायला सुरुवात करा, डाव्या हातानं पण.

मैदानवाले_सर

आणि पाटी जरा रुंद आखा ताईंच्या मुलीसाठी. खडू माझ्याकडं पेटीभर पडलाय, कोर्ट कुठला ते कळवा, मी येऊन आखून देतो.